तत्त्वज्ञान घेऊन काय करणार?

‘ते शिकून तलाठी होता येते का?’ बाबांनी विचारले. येते, पदवी कुठलीही चालते. पण माझे कारण निराळे आहे.

वर्गात कांट शिकले. दिलेला शब्द पाळावा, माणसाला नुसते साधन समजू नये. मला आमच्या डहाणू-तलासरीकडचे लग्नगडी आठवले. लग्नापुरते कर्ज, आणि फेड जन्मभर राबून! १९४५ साली वारल्यांनी वेठ नाकारली. त्यांनी शब्द मोडला, की माणूसपण राखले? आजी म्हणते, ‘शब्द आम्ही कुठे दिला? गरजेने दिला.’

तर्कशास्त्रात गुण मिळतात, असे मैत्रिणी सांगतात. त्यांना मिळोत! मी तृतीय वर्षाला नीतिशास्त्रच घेणार, आणि कांटशेजारी गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ ठेवणार. बाबांना अजून सांगितलेले नाही.