तंबूबरोबर तंबू लावणारा नको

मुलींचे शिबीर, गडाखालचा मुक्काम किंवा दोन रात्रींचे धरणे ठरले, की आपल्या गटांत पहिला प्रश्न असतो, "तंबू कुणाकडून आणायचे?" मग कुणाच्या तरी भावाचा ट्रेकिंगचा गट आठवतो. तंबू येतात आणि ते लावायला दोन मुलगेही येतात. मुलगे चांगले असतात, माझी त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण तंबू कुठे लावायचा, पाऊस आला तर काय करायचे, हे सारे तेच ठरवतात आणि पंचवीस बाया बाजूला उभ्या राहून बघतात. मला हे खटकते. माझे म्हणणे, गटाने वर्गणी काढून स्वतःचे तंबू घ्यावेत आणि निवडायला बायांनीच जावे.

दुकानात तंबू उभा करून दाखवा म्हणावे, आणि आत जाऊन बसावे, आडवे व्हावे. "तीन माणसांचा" असे लिहिलेले असते, ते खांद्याला खांदा लावून झोपलेल्या तीन माणसांचे माप, सामान धरलेले नसते. तिघींना आणि पिशव्यांना चारांचा घ्या. ताठ बसून साडी किंवा कपडे बदलता येतील इतकी उंची हवी. दोन बाजूंना दोन दारे असली तर रात्री लघवीला उठणारीला कुणाला ओलांडावे लागत नाही, पाळीच्या दिवसांत तर हे फार मोलाचे. आणखी एक गोष्ट दुकानदार कधी सांगत नाही. फिक्या, पातळ कापडाच्या तंबूत बॅटरी लावली की आतल्या बाईची सावली बाहेर स्पष्ट दिसते. दुकानातच आत बॅटरी लावून एकीने बाहेरून बघावे. तंबू बनवणाऱ्यांना हे सुचत नाही, कारण त्यांना तसे कधी बघावे लागत नाही.

कापड दुहेरी हवे. आत जाळीचा तंबू आणि वर, मध्ये हवा खेळेल इतके अंतर ठेवून, पाणी न शिरणारे आच्छादन. एकेरी तंबूत आपल्याच श्वासाची वाफ कापडावर थिजून थेंब पडतात आणि आपण तंबू गळतो म्हणतो. पाणी अडवण्याची ताकद मिलिमीटरमध्ये लिहिलेली असते. सह्याद्रीच्या पावसात आच्छादनाला ३००० असावी, आणि शिवणींवर आतून पट्टी चिकटवलेली असावी, पाणी बहुधा शिवणीतूनच येते. काठ्या फायबरग्लासच्या स्वस्त पडतात, पण चिरल्या की कुसळे हातात जातात. पैसे जमत असतील तर ॲल्युमिनियमच्या घ्या. आपल्याकडे कातळात खुंटी शिरत नाही, म्हणून खुंट्यांशिवायही उभा राहणारा घुमटी आकाराचा तंबू बरा. दोऱ्या मात्र दगडांना बांधायच्याच, वारा भरला की रिकामा तंबू उडतो.

एवढे बायकांना जमेल का, असे विचारणारे भेटतातच. जपानच्या जुन्को ताबेई आणि त्यांच्या सोबतिणी १९७५ सालच्या एव्हरेस्टच्या मोहिमेसाठी पैसे मागायला गेल्या, तेव्हा त्यांनाही घरी बसून मुले सांभाळा असे ऐकावे लागले. त्यांनी मोटारीच्या आसनांच्या जुन्या कव्हरांतून हातमोजे आणि पिशव्या शिवल्या. ४ मे रोजी हिमकडा कोसळून ताबेईंचा तंबू गाडला गेला. १६ मे रोजी त्या शिखरावर होत्या. आपल्याला तर फक्त शाळेच्या मैदानात दोरी ताणायची आहे.

खरी अडचण घेतल्यानंतर येते. ओला तंबू पिशवीत कोंबून माळ्यावर टाकला की दोन-तीन दिवसांत बुरशी धरते. पुढे आतला पाणीरोधक थर चिकट होऊन सोलतो, आंबट वास सुटतो, आणि मग तो तंबू कशालाच उपयोगी नाही. परत आल्यावर तो सावलीत पूर्ण वाळवावा. कडक उन्हात दिवसच्या दिवस ठेवला तर कापड विरते. मशीनमध्ये धुऊ नये, साबणाच्या भुकटीने तर नाहीच. साधे पाणी आणि ओला फडका पुरे. चेनमधली वाळू जुन्या दात घासायच्या ब्रशने काढावी. घरी ठेवताना घट्ट गुंडाळी नको, उशीच्या सुती अभ्र्यात सैल ठेवावा. खाण्याचे पदार्थ आत ठेवू नयेत, उंदीर कापड कुरतडतात. आत स्टोव्ह किंवा शेगडी तर कधीही नको. आगीइतकाच धोका कोळशाच्या विषारी वायूचा असतो, आणि त्याला वास नसतो.

पण हे वाळवायचे कुणी? आमच्याकडे पहिल्या वर्षी ते एकाच मैत्रिणीच्या गच्चीवर गेले. तिचे घर मोठे आणि तिला नाही म्हणता येत नाही, एवढेच कारण. घरात जे चालते म्हणून आपण भांडतो, तेच आपल्या गटात चालू होते, आणि तिने ते बैठकीत बोलून दाखवले ते बरे झाले. आता पिशवीत एक वही असते. कुणी लावला, कुणी वाळवला, कुठली खुंटी हरवली, कुठे शिवण उसवली, हे लिहायचे. ज्या बाईचे नाव लावण्यात आले नाही, तिच्या हातात पुढच्या वेळी पहिली काठी द्यायची. चाळीत राहणाऱ्या दोघींनी तंबू जिन्याच्या कठड्यावर वाळवला, शेजारी विचारत होते लग्न कुणाचे म्हणून.