ठरावापासून पाण्यापर्यंत

झिरकपूरमध्ये नगरपालिकेच्या निवडणुकीचा विषय निघाला की आम्हा मराठी मंडळींच्या गप्पांत एक प्रश्न हमखास येतो : "मत देऊन होते काय?" अशा वेळी मला मुंबई इलाख्याची १९२० ची निवडणूक आठवते.

१९१९ च्या कायद्यानुसार झालेली ही कायदेमंडळाची पहिली निवडणूक. मताधिकार मालमत्ता व कर यांवर आधारलेला होता. बहुसंख्य प्रजा यादीबाहेर होती, स्त्रियांना मत नव्हते आणि असहकारामुळे काँग्रेसचा बहिष्कार होता. त्याच साम्राज्यातील ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यात १९१५ साली स्त्री-पुरुष दोघांनाही मतदान सक्तीचे झाले होते. तेथील मूळ रहिवासी मात्र वगळलेलेच होते. प्रजा कोणास म्हणावे, हे मतदारयादी ठरवीत असते.

तथापि या अपुऱ्या कायदेमंडळाला निरुपयोगी म्हणणे मला पटत नाही. १९२१ मध्ये त्यानेच स्त्रियांच्या मताधिकाराची आडकाठी दूर केली. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला : सार्वजनिक पैशातून चालणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालये आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेनेही आपले तळे कागदोपत्री खुले केले.

परंतु कागद खुला झाला, तळे नव्हे. ठराव न पाळणाऱ्या स्थानिक संस्थांचे अनुदान रोखावे, असा दुसरा ठराव बोले यांना १९२६ मध्ये मांडावा लागला, यातच सारे आले. अखेर २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी हजारोंसह ते पाणी प्राशन केले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागायला १९३७ उजाडले.

प्रशासनातील माणूस म्हणून मला यातला दोष मतपेटीचा वाटत नाही. सभागृहाने आपले काम केले होते. आदेश खाली पोहोचला, पण न पाळल्यास काय, याचे उत्तर त्यात नव्हते. असे आदेश आजही निघतात आणि "अंमलबजावणी सुरू आहे" असा शेरा लिहून आम्ही नस्ती बंद करतो.

तेव्हा मित्रांच्या प्रश्नाला माझे उत्तर असे : मताने ठराव होतो. पाणी मिळण्यासाठी त्यानंतरही विचारत राहावे लागते, आणि त्या विचारण्याचे उत्तर देणे आम्हा अधिकाऱ्यांचे कर्तव्य आहे.