हजेरी कोण घेणार?



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलो आहे. मध्यंतरी पुण्याहून भाच्याचा फोन आला. त्याच्या मुलाचं शाळेत लक्ष लागत नाही. "मामा, त्याला मुक्त विद्यालयातून दहावीला बसवतो. घरीच ऑनलाइन शिकेल, आपल्या सोयीने. कसं वाटतं?" मी म्हटलं, विचार करून सांगतो. तो विचार करता करता हे लिहून झालं. तेव्हा भाचेबुवा, हे तुमच्यासाठी आणि बाकीच्यांनीही वाचावं.

आधी एक कबुली. चाळीस वर्षांपूर्वी कोणी मला असं विचारलं असतं, तर मी सरळ सांगितलं असतं की शाळेत न जाता शिक्षण होत नाही. गंमत अशी की मी स्वतः बीए बाहेरूनच केलं! डीएड होऊन नोकरीला लागलो आणि मग नागपूर विद्यापीठाच्या परीक्षेला बसलो (अमरावती विद्यापीठ १९८३ चं, ते तेव्हा नव्हतं). पुस्तकं मागवलेली, दिवसभर शाळा, अभ्यास रात्री. पहिलं वर्ष तर नुसतंच गेलं. पुढे पास झालो त्याचं श्रेय मी कित्येक वर्षं माझ्या चिकाटीला देत असे. आता मात्र वाटतं की ते आमच्या मुख्याध्यापकांचं होतं. शनिवारी सकाळची शाळा सुटली की ते दारात उभे राहून विचारायचे, "काय, कुठवर आलं?" त्यांना सांगायला काहीतरी हवं म्हणून मी शुक्रवारी रात्री वाचत असे. बस, एवढंच!

आता मुक्त शिक्षणाची थोडी माहिती देतो, कारण आपल्याकडे अजून पुष्कळांना ते म्हणजे "नापासांची शाळा" वाटते. केंद्रीय मंडळाने १९७९ साली हा प्रकल्प म्हणून सुरू केला, १९८९ मध्ये राष्ट्रीय मुक्त विद्यालय झालं आणि २००२ मध्ये त्याला राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थान हे आजचं नाव मिळालं. दहावीला पाच विषय लागतात. पोराने चौदा वर्षं पूर्ण केलेली असावीत. सगळे विषय एकदम द्यावे लागत नाहीत. पाच वर्षांत नऊ संधी मिळतात, वर्षातून दोनदा परीक्षा होते, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. पुस्तकं मिळतात, व्हिडिओ आहेत, अभ्यास केंद्रावर संपर्क तास असतात आणि स्वाध्याय लिहून द्यावे लागतात, त्यांचेही गुण धरतात. दहावी मराठी माध्यमातूनही करता येते. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठही १९८९ चंच. शिवाय आपल्या राज्य मंडळाला खाजगी बसायचा १७ नंबरचा फॉर्म तर जुन्या लोकांना ठाऊकच आहे.

म्हणजे व्यवस्था चांगली आहे. मग मुलं गळतात का? आमच्या आसेगावातली दोन उदाहरणं सांगतो. नावं सांगत नाही.

एक मुलगा. दहावीला नापास झाला, पुण्याला कामाला गेला, तिथूनच मुक्त विद्यालयाला नाव घातलं. फोन चांगला, नेट चांगलं, खोलीत एकटा, कसली अडचण नाही. दिवाळीला गावी आला की मी विचारायचो. "सर, अजून लय चान्स हायेत!" नऊ संधी त्याला नऊ वेळा पुढे ढकलायच्या सोयीसारख्या वाटल्या. एकही स्वाध्याय त्याने दिला नाही. पोरगा डोक्याने हुशार, हे मी त्याला शिकवलं म्हणून सांगतो.

दुसरी एक मुलगी. २०२० मध्ये कोरोनाने शाळा बंद झाल्या तेव्हा ती दहावीत जाणार होती. "शाळा बंद, पण शिक्षण सुरू" असं सगळीकडे म्हणत होते. घरात फोन एकच, तो बापाच्या खिशात, आणि बाप वावरात. संध्याकाळी फोन घरी यायचा तोवर दिवसाचे धडे येऊन साचलेले. महिनाभरात तिने नाद सोडला. शाळा उघडल्यावरही गेली नाही, सोयाबीन सोंगायला जाऊ लागली. मंडळी, २०२१ साली दहावीची परीक्षा रद्द झाली आणि राज्याचा निकाल लागला ९९.९५ टक्के! त्या आकड्यात ही पोर कुठेच नव्हती. ती नापासही नव्हती आणि पासही नव्हती.

२०२२ मध्ये तिची आई तिला घेऊन माझ्याकडे आली. आई माझीच विद्यार्थिनी. आम्ही मुक्त विद्यालयाचा फॉर्म भरला. मराठी, हिंदी, सामाजिक शास्त्र, गृहविज्ञान आणि माझ्या आग्रहाने गणित. अभ्यास केंद्र लांब, संपर्क तासांना ती मोजक्याच वेळा गेली. व्हिडिओ बघायची ते हिंदीत. माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, मीही रोज शिकवू शकत नव्हतो. आठवड्यातून दोनदा यायची.

तरी ती पास झाली. एप्रिल २०२३ मध्ये तीन विषय सुटले. ऑक्टोबरात गृहविज्ञान सुटलं आणि गणित राहिलं. राहणारच होतं, परीक्षा ऐन सोंगणीत आली! चूक माझी. ऑक्टोबरात आमच्या भागात पोरींच्या हातात विळा असतो, हे मला फॉर्म भरतानाच कळायला हवं होतं. एप्रिल २०२४ मध्ये गणितही सुटलं. शाळेत असती तर गणितापायी ती "दहावी नापास" ठरली असती. इथे सुटलेले चार विषय तिच्या पदरात राहिले. याला मी खरी सवलत म्हणतो.

पण ती टिकली कशाने? मी तिला विचारलं. म्हणाली, "सर, माय बसते ना रोज जवळ." भांडी घासून झाली की आई तिच्याजवळ बसायची. आईला बीजगणित येत नाही. ती फक्त विचारायची, "आज काय झालं? दाखव." वहीत नवीन पान भरलेलं दिसलं की उठायची.

ऑस्ट्रेलियात १९५१ साली अॅलिस स्प्रिंग्ज इथे रेडिओवरची शाळा सुरू झाली. शेकडो मैल दूर असलेल्या गुरांच्या वाड्यांवरची मुलं रेडिओवरून शिकायची. शिक्षक रेडिओवर, पण मुलाजवळ घरचं कोणीतरी, बहुधा आईच, बसलेली असे. तंत्र बदललं, रेडिओ गेला, इंटरनेट आलं, पण जवळ बसणाऱ्या माणसाची जागा काही रिकामी ठेवता आली नाही. आपल्याकडे जुलै २०२० मध्ये सह्याद्री वाहिनीवर "टिलीमिली" लागायची, ती आमच्या गल्लीतली पोरं का बघायची? वेळ ठरलेली होती म्हणून. फोनमधला धडा कधीही बघता येतो, आणि जे कधीही बघता येतं ते उद्यावर जातं.

माझं मत असं की मुक्त शिक्षणात परीक्षेची तारीख लवचिक असावी, विषयांची संख्या लवचिक असावी, वयही लवचिक असावं. रोजची वेळ मात्र लवचिक नको. शाळा शिकवते किती हा वादाचा विषय आहे (मी शिक्षक असून सांगतो!), पण ती रोज हजेरी घेते. मुलाला घरी बसवलं की ते काम आपल्यापैकी कोणाला तरी करावं लागतं. ते करायला माणूस नसेल तर नुसता फोन देऊन पोरगा शिकणार नाही.

आणखी एक. नववीतली कच्ची मुलं दहावीच्या निकालाला अडचण नको म्हणून "बाहेरून बसव" असं सांगून वाटेला लावण्याचे प्रकार मी पाहिले आहेत. तो मुक्त शिक्षणाचा उपयोग नव्हे. ते आपल्या दारातला केर शेजाऱ्याच्या दारात लोटणं झालं.

हे दुसऱ्यांना सांगताना मला माझंही सांगितलं पाहिजे. ज्या वर्षी वाशीम जिल्हा झाला, १९९८ साली, त्या मुलीची आई माझ्या आठवीच्या वर्गात होती. धाकट्या भावाला सांभाळायला घरी राहिली. गैरहजेरी वाढत गेली आणि मी नियमाप्रमाणे हजेरीपटावर तिच्या नावावर तांबडी रेघ मारली. घर शाळेपासून पाच मिनिटांवर. मी एकदाही गेलो नाही.

मुलीचा निकाल लागला तेव्हा ती पेढे घेऊन आली. जाताना उंबऱ्यात थांबली आणि म्हणाली, "सर, आठवीत तुमीच मायं नाव काटलं होतं. आता तुमीच घाला." हसत म्हणाली, पण मला काही बोलता आलं नाही.

आठवी पास नसली तरी, हा अभ्यासक्रम आपल्याला झेपेल असं स्वतःच्या सहीने लिहून देऊन दहावीला नाव घालता येतं. तिचं घातलं आहे. या वेळी परीक्षा एप्रिलची धरली आहे, ऑक्टोबरची नाही. तिच्याजवळ आता तिची मुलगी बसते. पास होईल का? सांगता येत नाही. गणित घेऊ नको म्हटलं तर ऐकायला तयार नाही.

तेव्हा भाचेबुवा, मुलाला जरूर बसवा. पण आधी घरात ठरवा, रोज रात्री "दाखव" कोण म्हणणार? तुम्ही दोघंही आठ वाजता घरी येता. हरकत नाही, साडेआठला मला फोन लावून द्या. वही कॅमेऱ्यासमोर धरायला सांगा. म्हातारा मोकळाच आहे.

असो. बाकीच्यांनीही आपापल्या गावाकडच्या एखाद्या पोराची हजेरी घ्यायला हरकत नाही. कोणाची घेता ते मला कळवा.