इंजिन नवे, ब्रेक जुने

कर्जतला लोणावळ्याकडे निघालेल्या बहुतेक आगगाड्यांना मागून जादा इंजिने जोडतात. बोरघाटात रुळांना ३७ फुटांमागे १ फूट चढ आहे. आमच्या जुन्या मॅटाडोरला मागून कोण ढकलणार? बाके काढून आम्ही तिच्यात बिछाने, शेगडी आणि पाण्याची टाकी बसवली होती. वजन वाढले, इंजिन वयाने थकले. मग खोपोलीत दुसऱ्या गाडीचे दमदार डिझेल इंजिन बसवून घेतले.

घाट झरझर चढलो. मुलांनी टाळ्या वाजवल्या. परतताना मात्र ब्रेक तापले, पाय दाबूनही गाडी आवरेना. कशीबशी डोंगराच्या कडेला टेकवली. ज्या गिअरमध्ये चढावे त्याच गिअरमध्ये उतरावे, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम आम्ही पाळला होता. पण पूर्वी दुसऱ्यात चढणारी गाडी आता तिसऱ्यात चढली होती!

म्हणून माझे स्पष्ट मत आहे : इंजिनाआधी ब्रेकचा विचार करा. आणि आधी आर.टी.ओ.ला विचारा, आम्ही विचारले नव्हते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ तपशिलात मनमानी बदल चालत नाही. घाट चढल्याचे कौतुक सगळेच करतात. उतरताना गाडीत आपलीच मुले असतात.