कोपर, बेलचा आणि कॅडर

मी आयुष्यात टेनिसची रॅकेट हातात धरलेली नाही. तरी लडाखच्या पोस्टिंगमध्ये एमआय रूमच्या डॉक्टरसाहेबांनी कागदावर 'टेनिस एल्बो' लिहिलं, आणि महिनाभर बॅरेकमध्ये माझं नाव 'विम्बल्डन' पडलं. दोष बेलच्याचा. बर्फ सारून सारून, मनगट मागे उचलणारा स्नायू कोपराच्या बाहेरच्या हाडाला जिथे चिकटतो तिथे दुखणं बसलं. चहाचा मग उचलला तरी कळ.

पहिली चूक माझीच. प्रमोशन कॅडर तोंडावर, मेडिकल कॅटेगरी खाली जाईल ही धास्ती, म्हणून स्टेरॉइडचं इंजेक्शन मागून घेतलं. पंधरा दिवसांत कोपर ठणठणीत. तीन महिन्यांत दुखणं परत, आधीपेक्षा जास्त. पुढे कळलं, २००६ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये १९८ रुग्णांचा ऑस्ट्रेलियातला अभ्यास छापून आला होता. त्यातही सहा आठवड्यांना इंजेक्शनवाले सगळ्यांच्या पुढे आणि वर्षअखेर मागे.

मग दोन फिजिओंच्या हाताखालून गेलो. पहिले सिरिॲक्स पद्धतीचे. दुखऱ्या जागी अंगठा टेकवून तंतूंना आडवं दहा मिनिटं घासायचं, मग मनगट वाकवून कोपर एका झटक्यात सरळ करायचं. या झटक्याला मिल्स मॅनिप्युलेशन म्हणतात. आठवड्यातून तीनदा, चार आठवडे. पहिल्या दिवशी डोळ्यांत पाणी आलं. फरक पडला, खोटं बोलणार नाही. पण झटका शिकलेल्या हातानेच द्यावा, आणि कोपर पूर्ण सरळ होत नसेल तर देऊच नये. पोस्टवर असा हात आणायचा कुठून?

दुसऱ्या मॅडम न्यूझीलंडच्या मलिगन यांच्या पद्धतीने करणाऱ्या. दंड घट्ट धरून त्यांनी कोपराखालचा हात किंचित बाहेर सरकवला आणि म्हणाल्या, "अब मुट्ठी बंद करो, साब." केली. कळ नाही! यांचा नियमच असा, की सरकवून धरताच दुखणं थांबलं पाहिजे. नाही थांबलं तर दिशा बदला, तरी नाही तर सोडून द्या. शिवाय दाराच्या चौकटीला दंड टेकवून हे आपलं आपल्याला करता येतं. माझं मत मलिगनला, ते मुख्यतः यासाठी.

पण दोन्ही पद्धतींचा उपयोग एवढाच, की दुखणं कमी होऊन व्यायाम करता येतो. टेबलावर हात ठेवून, पाण्याची बाटली धरून मनगट सावकाश खाली सोडायचं. तेही महिनोन् महिने. त्याच अभ्यासात, नुसता सल्ला घेऊन वाट पाहणारे वर्षअखेर फिजिओवाल्यांच्या जवळपास पोचले होते, हे वाचून मी जरा चिडलोच. पण बेलचा हातात ठेवून वर्षभर वाट कोण पाहणार? लाइट ड्यूटी वेळेवर मिळाली तर निम्मा इलाज तिथेच होतो, आणि ती देणं आम्हा जेसीओंच्या हातात असतं.

मागच्या आठवड्यात प्लाटूनचा एक पोरगा डाव्या हाताने मग उचलताना दिसला. "काही नाही, साब," म्हणाला. त्याचा बेलचा दुसऱ्याला दिला आणि सकाळी त्याला एमआय रूमला पाठवला. माझ्याशी बोलत नाही सध्या. त्याचं कॅडर जूनमध्ये आहे.