डोळ्यांच्या डॉक्टरचं घर

परवा दादाचं वर्षश्राद्ध झालं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. धंतोलीत त्याचा डोळ्यांचा दवाखाना होता. गेल्या वर्षी शोकसभेत जो उठला तो आकडेच सांगत होता, इतकी ऑपरेशनं केली, तितकी शिबिरं घेतली. खोटं काहीच नव्हतं. पण मला आठवत होता तो रात्री साडेनऊला दवाखान्यातून महालातल्या घरी आल्यावर आईच्या पायाशी बसणारा दादा, आणि जूनमध्ये भाच्यांच्या सगळ्या वह्यांना खाकी कव्हरं घालून देणारा दादा. त्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. ते मनात राहिलं, म्हणून आज लिहायला बसले.

डॉक्टरचं काम एकीकडे आणि घर दुसरीकडे, अशी वाटणी आपण का करतो? डॉ. तात्याराव लहाने यांचं उदाहरण आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. लातूर जिल्ह्यातल्या माकेगावचा हा मुलगा. दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली, तेव्हा १९९५ साली आईने, अंजनाबाईंनी, आपलं एक मूत्रपिंड त्यांना दिलं. २००८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यानंतर जे.जे. रुग्णालयात त्यांच्या हातून ज्यांना दिसू लागलं, त्या प्रत्येकावर त्या माऊलीचाही थोडा हक्क आहे असं मला वाटतं.

दुसरे मदुराईचे डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी. संधिवाताने बोटं वाकडी झालेली, त्याच बोटांनी ते शस्त्रक्रिया शिकले. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर १९७६ साली ११ खाटांचं अरविंद नेत्र रुग्णालय काढलं. लग्न केलं नाही, पण वडिलांमागे भावंडांचं सगळं पाहिलं. पुढे तीच भावंडं आणि त्यांचे जोडीदार रुग्णालयात त्यांच्या बाजूला उभे राहिले. ७ जुलै २००६ रोजी ते गेले. अशा माणसाला संसारी म्हणायचं की नाही? मी तर म्हणते, म्हणायचंच.

आमचा दादा एवढा मोठा नव्हता. त्याने सुरुवात केली तेव्हा मोतीबिंदू 'पिकेपर्यंत' थांबावं लागे. ऑपरेशननंतर पेशंटने मान हलवू नये म्हणून डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या ठेवत, आणि पुढे जन्मभर बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा. रविवारी खेड्यात शिबिर असलं की पहाटे वहिनी दहा-बारा जणांचा डबा भरायची. लेकीच्या दहावीच्या निकालादिवशीही हा शिबिरातच होता. ती अजून ते बोलून दाखवते, आणि तिचं चूक आहे असं मी म्हणणार नाही.

खरं सांगायचं आहे ते पुढचंच. दरवर्षी २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर, नेत्रदान पंधरवड्यात, दादा शाळाशाळांतून बोलायचा. माझ्या शाळेतही दोनदा आला होता. स्वतःचा फॉर्म त्याने केव्हाच भरला होता. पण तो पहाटे गेला तेव्हा घरात कुजबूज सुरू झाली. एक वडीलधारे म्हणाले, पुढच्या जन्मी आंधळा येईल. दुसऱ्याने विचारलं, याचं स्वतःचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, त्या डोळ्यांचा काय उपयोग? डॉक्टरच्या घरात हे! अहो, मोतीबिंदू भिंगाला होतो. नेत्रदानात कामी येतं ते बुबुळावरचं पारदर्शक पटल, आणि ते शाबूत असतं. चेहराही विद्रूप होत नाही. मात्र सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात, आणि फॉर्म भरलेला असला तरी प्रत्यक्षात घरच्यांचा होकार लागतोच.

मी नुसती रडत होते. तीस वर्षं वर्गात नेत्रदानाचे धडे शिकवलेली बाई, तोंडातून शब्द फुटेना. याची मला आजही लाज वाटते.

शेवटी वहिनीच उठली. पंखा बंद केला, दादाच्या डोक्याखाली उशी सारली, पापण्यांवर ओल्या कापसाच्या घड्या ठेवल्या आणि पुतण्याला म्हणाली, "नेत्रपेढीला फोन लाव." पुढे कोणी काही बोललं नाही.

म्हणून मला वाटतं, फॉर्मवर सही करून तो कपाटात ठेवण्यापेक्षा जेवताना चारचौघांत बोलून टाकावं. परवा श्राद्धाचं जेवण झाल्यावर मी मुलांना माझ्याबद्दल स्पष्ट सांगितलं. सुनेने लगेच मान डोलावली. मुलगा मात्र "आई, आज नको ना हा विषय" म्हणत हात धुवायला उठला. दिवाळीला सगळे येणार आहेत, तेव्हा पुन्हा विचारीन.