कौल अंगावर येत नाही

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की गावोगावी आत्मसंरक्षणाची शिबिरे भरतात. शेवटच्या दिवशी पाहुणे येतात, मुली हाताने कौले फोडतात, फोटो निघतात, प्रमाणपत्रे वाटली जातात. भंडारा, तुमसर, पवनीच्या मोहल्ल्यांतही अशी शिबिरे व्हावीत असे वाटणारे तरुण कमी नाहीत, आणि त्यांचे वाटणे रास्त आहे. पण कौल अंगावर येत नाही. ते शिवी देत नाही, चार मित्र सोबत आणत नाही, आणि ते तुमच्या ओळखीचेही नसते.

खरी मारहाण कशी येते, हे आपल्या जिल्ह्याला दुसऱ्या कुणी शिकवायची गरज नाही. मोहाडी तालुक्यातले खैरलांजी. 3 सप्टेंबर 2006 रोजी धुसाळ्याचे पोलीस पाटील सिद्धार्थ गजभिये यांना मारहाण झाली. सुरेखा भोतमांगे आणि त्यांच्या मुलीने मारणाऱ्यांना ओळखले, पोलिसांना तसे सांगितलेही. 29 सप्टेंबरला आरोपी जामिनावर सुटले आणि त्याच संध्याकाळी जमाव भोतमांगेंच्या घरावर चालून गेला. आई, मुलगी, दोन मुलगे असे चौघे मारले गेले. वडील भैयालाल तेवढे वाचले. 2008 मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवून सहा जणांना फाशी सुनावली. 2010 मध्ये नागपूर खंडपीठाने ती 25 वर्षांच्या सक्तमजुरीवर आणली.

त्या दलित कुटुंबाने काय चुकवले, असा प्रश्न इथे कुणी विचारू नये. साक्ष देणे हे बरोबरच होते. चुकले ते मारणारे, आणि ज्यांचे काम राखण करण्याचे होते ते. प्रश्न शिकवणाऱ्याला आहे. त्या संध्याकाळी कराटेचा कोणता डाव उपयोगी पडला असता? एकही नाही. उपयोगाचे होते ते 3 ते 29 सप्टेंबरमधले 26 दिवस. धमकी आल्यापासून हल्ला होईपर्यंतच्या काळात काय करायचे, हे ज्या शिबिरात शिकवत नाहीत त्याला मी व्यायामाचा वर्ग म्हणेन.

2006 मध्ये नव्हते असे एक साधन आता आहे, आणि ते फार थोड्यांना ठाऊक आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2018 मध्ये साक्षीदार संरक्षण योजना मंजूर केली. साक्षीदाराला धोका असेल तर जिल्हा व सत्र न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे अर्ज करता येतो. तातडी असेल तर निर्णय होईपर्यंत अंतरिम संरक्षणही मागता येते. त्याच वर्षी जुलैत तहसीन पूनावाला खटल्यात न्यायालयाने प्रत्येक जिल्ह्यात झुंडबळी रोखण्यासाठी पोलीस अधीक्षक दर्जाचा नोडल अधिकारी नेमायला सांगितले. धमकी आली की तोंडी सांगून परत येऊ नका. लेखी अर्ज द्या, पोच घ्या, एक प्रत वकिलाकडे ठेवा. असा अर्ज लिहिण्याचा सराव शिबिरात एक तास झाला तर तो तास वाया गेला असे मी म्हणणार नाही.

आता हातापायाच्या शिक्षणाबद्दल. ते नको असे माझे म्हणणे नाही, खरे हवे एवढेच. भीतीने छाती धडधडू लागली की बोटांची नाजूक कामे जमत नाहीत, नजर एका जागी खिळते, मागून येणारा दिसत नाही. बारा पायऱ्यांचा डाव तिथे आठवत नाही. म्हणून शिकवणाऱ्याला एक विचारा: समोरचा गडी खरोखर विरोध करतो का, की ठरल्याप्रमाणे पडतो? या बाबतीत आपल्या विदर्भातली कुस्ती बऱ्याच चकचकीत वर्गांपेक्षा प्रामाणिक आहे. तिथे कुणी फुकट पडत नाही. मात्र रस्त्यावर चौघे असताना जमिनीवर गेलात तर लाथा खाल, हे पहिलवान पोट्ट्यांनाही सांगावे लागते.

चाकूचेही तसेच. अमेरिकेतल्या डेनिस ट्युलर नावाच्या पोलिसाने 1983 मध्ये दाखवले होते की चाकूवाला 21 फूट अंतर सुमारे दीड सेकंदात कापतो. एवढ्या वेळात चाकू हिसकावणे सिनेमात होते. अंतर वाढवा, मधे मोटरसायकल, खुर्ची, दार, जे हाती लागेल ते आणा, ओरडा, पळा. खाली पडलात तर डोके आणि मान हातांनी झाका. कुणाचे रक्त वाहत असेल तर खांद्यावरचा दुपट्टा घडी करून जखमेवर जोराने दाबून धरा आणि मदत येईपर्यंत उचलून बघू नका. पळणे शिकवायला शिक्षकांना कमीपणा वाटतो, हे मला कधी समजले नाही.

जमावापुढे तर दुसरा उपायच नसतो. 2 जून 2014 च्या रात्री पुण्यात हडपसरला मोहसिन शेख नमाजहून घरी निघाला होता. समाजमाध्यमांवरच्या चित्रांवरून शहर तापले होते, त्या चित्रांशी त्याचा काही संबंध नव्हता. हॉकी स्टिकने त्याला मारण्यात आले. 2023 मध्ये पुराव्याअभावी आरोपी सुटले. शहर तापले आहे ही खबर मोहल्ल्यात वेळेवर फिरणे, एकट्यादुकट्याने न निघणे, पाहणाऱ्याने व्हिडिओ आणि नावे सांभाळून ठेवणे, साक्षीदाराच्या पाठीशी खटला संपेपर्यंत उभे राहणे, हेही संरक्षणच आहे.

मुलींच्या शिबिरात अंधाऱ्या गल्लीतला अनोळखी गुंड हमखास असतो. प्रत्यक्षात राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे आकडे सांगतात की बलात्काराच्या दहापैकी नऊहून अधिक गुन्ह्यांत आरोपी ओळखीचा असतो. नातेवाईक, शेजारी, लग्नाचे वचन देणारा. कॅनडात प्रथम वर्षाच्या विद्यार्थिनींसाठी 12 तासांचा एक अभ्यासक्रम तपासला गेला, 2015 मध्ये निष्कर्ष छापून आले. वर्षभरात अभ्यासक्रम घेतलेल्यांपैकी 5.2 टक्के जणींवर बलात्कार झाला, न घेतलेल्यांत 9.8 टक्के. त्यात हातापायांचा भाग थोडाच होता. ओळखीच्या माणसाचे वागणे धोक्याचे कधी होते ते ओळखणे, आणि नाते बिघडेल, लोक काय म्हणतील ही भीती बाजूला ठेवून ठणकावून नाही म्हणणे, यावर भर होता. आपल्या घरांत चाचा, मामू, दूरचा भाऊ यांच्याविरुद्ध मुलगी बोलली तर अम्मी आधी तिलाच गप्प करते. तेव्हा त्या शिबिरात एक दिवस अम्मींनाही बसवा.

शेवटी कायदा, कारण पोरं इथेच फसतात. भारतीय न्याय संहितेची कलमे 34 ते 44 तुम्हाला स्वतःचा आणि दुसऱ्याचाही जीव वाचवण्याचा हक्क देतात. पण गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही, आणि हल्लेखोर पळू लागला, धोका टळला, की तो हक्क संपतो. मागे धावून घातलेली काठी हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि समोरचा पक्ष तिचाच व्हिडिओ घेऊन ठाण्यात जातो. खिशात चाकू बाळगणारे स्वतःला शहाणे समजतात. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37 खाली जमावबंदी आणि शस्त्रबंदीचे आदेश निघतात, त्या काळात नुसता तो सापडणेही पुरेसे ठरते. सुटका झाली की आधी 112 ला फोन करा, मग सरकारी दवाखान्यात जाऊन जखमांची वैद्यकीय-कायदेशीर नोंद करून घ्या, रक्ताचे कपडे धुऊ नका, आणि एफआयआरची प्रत मागा. ती फुकट मिळते.